पंचनाम्याआधीचा निकाल

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. बेळगावहून सुळेभावीकडे निघालेल्या सरकारी बसमध्ये दुपारी तिकिटावरून वाद झाला. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. वाहक त्यांना शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, आणि त्या तिकिटांचे पैसे पुढे सरकार महामंडळाला देतं. वाहकाची हकीकत अशी, की एका मुलीनं दोन मोफत तिकिटं मागितली, तिच्याबरोबर पुरुष होता, त्याला मोफत तिकीट देता येणार नाही असं त्यानं सांगितलं. मुलगी मराठीत बोलत होती. आपल्याला मराठी येत नाही, कन्नडमध्ये बोला, असं तो म्हणाला. त्यावरून बाचाबाची झाली आणि बस पंत बाळेकुंद्रीला पोचल्यावर जमावानं त्याला मारलं. दुसऱ्या बाजूची हकीकत वेगळी होती. मुलगी अल्पवयीन होती, आणि वाहकानं तिच्याशी गैरवर्तन केल्याची तक्रार मारीहाळ पोलीस ठाण्यात दाखल झाली. म्हणजे एकाच प्रसंगातून दोन गुन्हे नोंदले गेले. एकात वाहक फिर्यादी होता. दुसऱ्यात तोच आरोपी होता, आणि तोही पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याखाली.

बाळेकुंद्री हे पंत महाराजांचं गाव. दत्तभक्तांची तिथं कायम ये-जा असते, आणि त्यांत मराठी व कन्नड दोन्ही बोलणारे असतात. बेळगाव तालुक्यातल्या अशा गावात भांडण झालं तर ते कोणत्या भाषेत सुरू झालं, हे सांगणारेही बहुधा दोन्ही भाषा जाणणारे असतात. पण ही बातमी गावात फार वेळ राहिली नाही. मार खाल्लेल्या वाहकाची दृश्यं आणि ‘मराठी येत नाही म्हणून मारलं’ हे एक वाक्य त्याच दिवशी राज्यभर पोचलं. रात्री बंगळुरूहून मुंबईला निघालेली महाराष्ट्र एसटीची बस चित्रदुर्गजवळ अडवली गेली आणि तिच्या चालकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं. चित्रदुर्ग बेळगावपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्या चालकाचा बाळेकुंद्रीशी काडीचाही संबंध नव्हता. मग त्याचा व्हिडिओ महाराष्ट्रात फिरला, तिथंही कर्नाटकाच्या बसना काळं फासण्यात आलं, आणि महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी कर्नाटकात जाणाऱ्या एसटी थांबवल्या. कर्नाटकाचे परिवहनमंत्री रामलिंगा रेड्डी जखमी वाहकाला भेटायला बेळगावला आले. निपाणीहून रोज कोल्हापूरला कामाला, कॉलेजला, दवाखान्यात जाणाऱ्या माणसांची गैरसोय झाली. महिन्याभरानं, २२ मार्चला, कन्नड संघटनांनी कर्नाटक बंद पुकारला.

या सगळ्यात मारीहाळच्या तपास अधिकाऱ्याकडे काय होतं, याचा विचार करावा. वाहकाचा वैद्यकीय अहवाल, बसमधल्या प्रवाशांचे जबाब, तिकीट मशिनमधली नोंद, घटनास्थळाचा पंचनामा. ही कामं दिवसांची असतात, काही आठवड्यांची. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या लाखो लोकांनी मात्र निकाल त्याच रात्री दिला होता, आणि दोन राज्यांत तो उलटसुलट होता.

पुढे जे झालं, ते मला या प्रकरणातलं सर्वांत गंभीर वाटतं. वाहकावर पोक्सो लावल्याबद्दल कन्नड संघटनांनी आंदोलन केलं, समाजमाध्यमांवर पोलिसांना आणि त्या कुटुंबाला धारेवर धरलं गेलं. थोड्याच दिवसांत मुलीच्या कुटुंबानं आपण तक्रार मागे घेत असल्याचं व्हिडिओद्वारे जाहीर केलं. कर्नाटकातल्या अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि विषय संपल्यासारखा झाला.

कायद्याच्या दृष्टीनं मात्र तो तसा संपत नाही. पोक्सोखालचा गुन्हा हा दोन माणसांमधला खासगी वाद नाही. त्यात फिर्यादीच्या जागी सरकार असतं आणि तो आपसात मिटवता येत नाही. तक्रार खोटी असेल तर पोलिसांनी तपास करून तसा अहवाल न्यायालयाला द्यायचा असतो, किंवा आरोपीनं उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याची मागणी करायची असते. मूल खोटं बोललं असं ठरलं, तरी कलम २२ प्रमाणे त्या मुलाला शिक्षा करता येत नाही. कायद्यानं मुलांना मुद्दाम एवढी मोकळीक दिली आहे, कारण मूल भीतीपोटी गप्प बसू नये. आता दोन शक्यता घ्या. मुलीची तक्रार खरी असेल, तर एका मुलीला जमावाच्या भीतीनं गप्प बसावं लागलं आणि ते सगळ्यांनी टाळ्या वाजवत पाहिलं. तक्रार खोटी असेल, तर नोकरी करणाऱ्या एका वाहकाच्या नावाला लागलेला डाग न्यायाधीशाच्या सहीनं पुसला जायला हवा होता. कॅमेऱ्यासमोरच्या एखाद्या निवेदनातून त्याला ते मिळत नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असलं, तरी ज्याला न्याय हवा होता त्याला तो त्या निवेदनातून मिळाला नाही.

याच कायद्याचं कलम २३ सांगतं, की मुलाचं नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी उघड करू नये. मोठ्या शहरात नाव झाकलं की बहुतेक वेळा भागतं. बेळगाव तालुक्यातल्या गावात बस कोणती, थांबा कोणता, वेळ कोणती हे सांगितलं की गावाला घर कळतं. त्यात कुटुंबीयांचा व्हिडिओ फिरला की झाकायला काही उरत नाही.

आपल्याकडे नेहमी एक युक्तिवाद केला जातो: भारतात ज्युरी नाही, निकाल शिकलेला न्यायाधीश देतो, त्याच्यावर लोकमताचा परिणाम कशाला होईल? या युक्तिवादामागे मुंबईचा एक मोठा खटला आहे. १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’नं त्यांची बाजू आठवड्यामागून आठवडा लावून धरली, आणि ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. ज्युरीची पद्धत त्यानंतर आपल्याकडून हळूहळू गेली. लोकमतानं निकाल कसा वाकवता येतो, याचा धडा तेव्हाच्या न्यायव्यवस्थेनं घेतला, आणि न्यायाधीश लोकमताला बळी पडत नाही असं आपण धरून चाललो.

न्यायाधीश वाकत नाही असं क्षणभर मानूया. पण खटला एकटा न्यायाधीश चालवत नाही. त्याच्या आधी पोलीस असतो, साक्षीदार असतो, रिमांडसाठी आरोपीला हजर करून घेणारा दंडाधिकारी असतो, आरोपीचा वकील असतो. लोकमताचा रेटा तिथं बसतो. याचं उदाहरण बेळगावपासून शंभर किलोमीटरवर हुबळीत घडलं, आणि त्याचा एक धागा बेळगावच्या हिंडलगा तुरुंगापर्यंत आला.

फेब्रुवारी २०२० मध्ये, पुलवामा हल्ल्याच्या पहिल्या स्मरणदिनाच्या सुमारास, हुबळीच्या केएलई संस्थेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांचा एक व्हिडिओ पसरला. त्यात पाकिस्तानच्या बाजूच्या घोषणा असल्याचा आरोप होता. महाविद्यालयानंच पोलिसांना कळवलं, पोलिसांनी देशद्रोहाचा गुन्हा नोंदवला आणि तिघांना पकडलं. मग त्यांना बंधपत्रावर सोडण्यात आलं. ही बातमी पसरताच संघटना रस्त्यावर आल्या, पोलिसांवर टीकेची झोड उठली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच तिघांना पुन्हा अटक झाली. मधल्या काही तासांत पुराव्यात काय नवं आलं, हे कुणी सांगितलं नाही. लोकांचा आवाज मात्र नक्कीच वाढला होता. न्यायालयात नेताना त्यांच्यावर हल्ला झाला. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर त्यांना हिंडलग्याला आणलं गेलं.

त्यानंतर हुबळीच्या वकील संघानं ठराव केला, की या तिघांचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. राज्यघटनेच्या कलम २२ नं अटक झालेल्या प्रत्येक माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे, आणि असे ठराव बेकायदा आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या प्रकरणात २०१० मध्येच सांगून टाकलं होतं. तरी ठराव झाला. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक, ठाण्याच्या न्यायालयात वकिली सुरू केलेले मराठी गृहस्थ. त्यांनी वकील संघाला कडक शब्दांत सुनावलं. बंगळुरूहून जामिनाचा अर्ज द्यायला आलेल्या वकिलांना पोलीस संरक्षणात धारवाडच्या न्यायालयात जावं लागलं, आणि तरीही तिथं त्यांची अडवणूक झाली. शेवटी ठराव बदलावा लागला. विद्यार्थ्यांना जामीन मिळाला तो जून २०२० मध्ये, पोलिसांनी कायद्यानं ठरवलेल्या मुदतीत आरोपपत्र रीतसर दाखल न केल्यामुळे.

त्या तिघांनी जे केलं ते गुन्हा होतं की मूर्खपणा, याचा निर्णय न्यायालयानं करायचा होता. पण ज्या गावात वकील मिळत नाही, तिथं खटला सुरू होण्याआधीच एक बाजू रिकामी झालेली असते. ज्या गुन्ह्याची आपल्याला सर्वांत जास्त चीड येते, त्यातल्या आरोपीलाच वकिलाची सर्वांत जास्त गरज असते. हे लोकांना पटवणं कठीण आहे. तरी ते पटवावंच लागेल.

आता व्हिडिओकडे वळू. ‘व्हिडिओ आहे ना, मग आणखी पुरावा कशाला?’ हे वाक्य सीमाभागातल्या चहाच्या टपरीवर मराठीतही ऐकू येतं आणि कन्नडमध्येही. न्यायालयाचा प्रश्न वेगळा असतो: हा व्हिडिओ कुणी काढला, कोणत्या मोबाइलवर, तो मोबाइल कुठं आहे, मधे कापाकापी झाली का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ द्यावी लागते, म्हणजे त्या फाइलच्या आशयावरून संगणकानं काढलेली एक लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक कणही बदलला की ती ओळ पूर्ण बदलते. जुन्या कायद्यातही असं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातल्या प्रकरणात आला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावर कैलास गोरंट्याल यांनी दावा केला होता. वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणापर्यंत पोचला. मूळ यंत्र न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये ठरवलं.

व्हॉट्सॲपवर फिरून आलेला व्हिडिओ या परीक्षेला सहसा टिकत नाही. पाठवताना ॲप तो लहान करतं, मूळ फाइलसोबतची वेळेची आणि यंत्राची माहिती गळून जाते. दहा ग्रुपमधून आलेल्या व्हिडिओचा मूळ मालक सापडत नाही, आणि सापडला तर तो म्हणतो, मी तर डिलिट केलं. शिवाय भांडणाचा व्हिडिओ बहुतेक वेळा मधूनच सुरू होतो. पहिली शिवी कुणी दिली, पहिला हात कुणी उचलला, ते रेकॉर्ड होण्याच्या आधीच घडलेलं असतं, कारण भांडण पेटल्याशिवाय कुणी मोबाइल बाहेर काढत नाही.

ओळख परेडचंही असंच. अनोळखी हल्लेखोराला साक्षीदारानं ओळखायचं असेल, तर दंडाधिकाऱ्यासमोर त्याला तशाच चेहऱ्यामोहऱ्याच्या माणसांत उभं करतात. म्हणूनच पोलीस अशा आरोपीला न्यायालयात नेताना त्याच्या तोंडावर काळा बुरखा घालतात. तो त्याची लाज राखण्यासाठी नसतो, साक्षीदारानं परेडच्या आधी त्याचा चेहरा पाहू नये म्हणून असतो. आरोपीचा फोटो लाल वर्तुळ काढून सगळ्या ग्रुपवर फिरला असेल, तर साक्षीदार परेडमध्ये हल्लेखोराला ओळखतो की मोबाइलवरच्या फोटोला, हे सांगणार कोण? बचावाचा वकील हाच मुद्दा घेतो आणि परेडचं वजन जातं. ‘याला शिक्षा झालीच पाहिजे’ असं लिहून फोटो पुढे पाठवणारा माणूस आरोपीच्या सुटकेची सोय करत असतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार रुजला आहे, माफीचा व्हिडिओ. दुकानातला कामगार, बँकेतला कर्मचारी, बसचा वाहक यांच्याभोवती दहा जण जमतात आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी वदवून घेतात. कर्नाटकात कन्नडसाठी हे होतं, महाराष्ट्रात मराठीसाठी. जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिचा व्हिडिओ देशभर गेला, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो अभिमानानं पुढे पाठवला. बाळेकुंद्रीच्या वाहकाचे आणि मीरा रोडच्या दुकानदाराचे व्हिडिओ शेजारी ठेवून पाहावेत. भाषेच्या नावावर माणसाला मारणं चूक असेल तर ते दोन्हीकडे चूक आहे. राज्यघटनेचं कलम २० सांगतं, की कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पोलीस कोठडीत दिलेली कबुलीसुद्धा न्यायालय मानत नाही. मग चौकात घेरून घेतलेल्या कबुलीला आपण कोणत्या तोंडानं न्याय म्हणायचं?

कायदा यावर काय करतो? न्यायालय अवमान कायदा १९७१ चा आहे. चालू खटल्यात बाधा येईल असा मजकूर छापणं हा अवमान आहे. पण फौजदारी प्रकरण ‘चालू’ कधी धरायचं, तर आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयानं समन्स-वॉरंट काढल्यावर. म्हणजे गुन्हा घडल्यापासून आरोपपत्रापर्यंतचा जो काळ सर्वांत नाजूक, नेमका तोच मोकळा राहिला. विधी आयोगानं २००६ मध्ये, न्या. एम. जगन्नाथ राव अध्यक्ष असताना, आपल्या दोनशेव्या अहवालात सुचवलं की ही सुरुवात अटकेपासून धरावी. कायद्यात तो बदल अजून झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सहारा प्रकरणात काही काळ वार्तांकन पुढे ढकलण्याचा अधिकार न्यायालयांना असल्याचं सांगितलं. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केलं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ रोजी, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या पीठानं, सविस्तर बंधनं घातली: साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन साक्षी चाचपू नयेत, आरोपीची कथित कबुली पुरावा म्हणून दाखवू नये, तपास चालू असताना कुणाला दोषी ठरवू नये.

हा निकाल उत्तम आहे आणि वाहिन्यांना लागू आहे. पण निपाणीतल्या दोनशे माणसांच्या ग्रुपचा संपादक कोण? २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार केलं. बिदर जिल्ह्यात त्याच महिन्यात असाच बळी गेला. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मजकुराचा वेग त्यानं कमी झाला असेल; त्यावर विश्वास ठेवण्याची घाई कमी झालेली दिसत नाही.

सीमाभागाची अडचण दुहेरी आहे. इथला माणूस दुभाषी आहे. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेणारी बाई वाक्याचा पहिला भाग मराठीत आणि दुसरा कन्नडमध्ये बोलून जाते. त्यामुळे घटनेच्या दोन्ही बाजू ऐकण्याची सोय इथल्या लोकांइतकी कुणालाच नाही. पण समाजमाध्यमावर बातमी पेटते ती बंगळुरू-मंड्यात कन्नडमधून आणि मुंबई-पुण्यात मराठीतून, जिथं पाहणाऱ्याला समोरच्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही. तिथं ठरलेला निकाल मग बेळगावात परत येतो आणि इथल्या माणसाला त्यात बाजू निवडावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये हे दिल्लीपर्यंत पोचलं. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या नावानं चिथावणीची ट्विट फिरत होती, ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि १४ डिसेंबरला गृहमंत्री अमित शहांनी एकनाथ शिंदे, देवेंद्र फडणवीस आणि बोम्मई यांना एकत्र बसवलं. बैठकीनंतर शहांनी सांगितलं, की मोठ्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या बनावट खात्यांनी हा वाद चिघळवला आणि त्याबद्दल गुन्हे नोंदवले जातील. मुख्यमंत्र्याचं ट्विट खरं की खोटं हे दोन राज्यांच्या सरकारांना पटकन ठरवता येत नसेल, तर बाळेकुंद्रीच्या तिकिटाचं सत्य मोबाइलवर एका संध्याकाळीत ठरेल असं आपण मानूच नये.

समाजमाध्यमांमुळे न्यायाचं भलंही झालं आहे, हे न सांगणं अप्रामाणिक ठरेल. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या ‘लाइक’ केल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यावरून उठलेल्या आवाजातून श्रेया सिंघल यांची याचिका आली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. दबलेल्या माणसाची तक्रार ठाण्यात घेतली जात नाही, तेव्हा एखादा व्हिडिओच ती घ्यायला लावतो. हे बळ लोकांच्या हातातून काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही.

लोकांचं लक्ष वेधलं जाणं आणि लोकांनी निकाल देणं यांतला फरक कसा पाळायचा, ते डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होसा वंटमुरी प्रकरणात दिसलं. मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला म्हणून त्याच्या आईला रात्री घराबाहेर ओढून विवस्त्र करण्यात आलं आणि विजेच्या खांबाला बांधून मारण्यात आलं. विधिमंडळाचं अधिवेशन तेव्हा बेळगावातच सुवर्ण विधानसौधात चालू होतं. बातमी येताच कर्नाटक उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्मानं निपाणीचे, डॉ. आंबेडकरांचे सहकारी बळवंतराव वराळे यांचे नातू, आता सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयानं सरकारला जाब विचारला, बघत राहिलेल्या गावकऱ्यांनाही धारेवर धरलं. आणि रुग्णालयात त्या बाईला भेटायला पुढाऱ्यांची आणि शिष्टमंडळांची रांग लागल्याचं दिसताच आदेश दिला, की वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून कुणीही तिला भेटायला जाऊ नये. मला या आदेशाचं मोल फार वाटतं. न्यायालयानं लोकांचा संताप ऐकला, तपासाला जोर दिला, आणि पीडितेच्या खाटेभोवती कॅमेरे जमू दिले नाहीत. ती बाई साक्षीदार होती. तिला खटल्यात उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी तिनं आधी सावरणं गरजेचं होतं.

मराठी सीमावासीयांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारसह ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत हा प्रश्न महाराष्ट्र सरकारनं मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. दावा क्रमांक चार. १९५६ पासून आंदोलनं, हुतात्मे, महाजन आयोग हे सगळं झाल्यावर आपण न्यायालयाचा मार्ग धरला. जनगणनेचे आकडे, जमिनीचे उतारे, शाळांचे दाखले गोळा केले. २०१४ मध्ये साक्षीपुरावे नोंदवण्यासाठी न्यायालयानं निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली. दोन दशकं उलटून गेली, तरी आपण म्हणतो की आमची बाजू कागदपत्रांवर ऐका, आवाजावर ठरवू नका. जे आपण दिल्लीच्या न्यायालयाकडे मागतो, ते मारीहाळच्या ठाण्यात आलेल्या वाहकाला, मुलीला आणि मारहाणीतल्या आरोपींनाही द्यायला हवं. त्यांतले काही आपले असतील, काही नसतील.

म्हणून वाचकांना विनंती आहे. उद्या तुमच्या समोर असं काही घडलं आणि तुमच्या मोबाइलवर त्याचं चित्रीकरण असेल, तर मूळ फाइल जपून ठेवा, कापू नका, डिलिट करू नका, ग्रुपवर टाकू नका. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तपास अधिकाऱ्याकडे किंवा वकिलाकडे ती द्या आणि त्यासोबतच्या प्रमाणपत्रावर सही करायची तयारी ठेवा. लहान मुलाचा चेहरा, गाव, शाळा कुठंही लिहू नका. आणि दोन-तीन वर्षांनी न्यायालयाचं समन्स आलं, सगळ्यांना त्या भांडणाचा विसर पडलेला असला, तरी त्या दिवशी साक्ष द्यायला जा.